बाटलीचा वाद आणि चाकावरचा माणूस

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मध्यरात्री झोपेतून उठवून दारू या विषयावर बोलायला सांगितले, तरी तो दहा मिनिटे सहज बोलेल. वक्तृत्व स्पर्धांतून हा विषय आपण दोन्ही बाजूंनी घोटून घेतलेला आहे. बंदी हवी म्हणणाऱ्याला उद्ध्वस्त संसाराचे वर्णन पाठ असते आणि बंदी नको म्हणणाऱ्याला चोरट्या दारूचे व बुडालेल्या महसुलाचे. दोघांनाही टाळ्या पडतात. प्रस्तुत लेखकानेही एकदा या विषयावर उत्तेजनार्थ बक्षीस मिळवले आहे, तेव्हा हे कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पण त्या सगळ्या भाषणांत एक माणूस कधीच आला नाही, हे अलीकडे माझ्या ध्यानात आले. तो म्हणजे पिऊन झाल्यावर खिशातून किल्ली काढणारा माणूस.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास थोडा आठवू. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी चालत गेल्या. त्यानंतर तेव्हाचे पालकमंत्री आणि आपल्या वरोऱ्याचेच आमदार संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. पुढे माजी प्रधान सचिव रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती बसली आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ मोर्चे, समित्या, अहवाल, निवेदने यांत आपण एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलो : दुकान उघडे असावे की बंद? हा प्रश्न लहान नाही. ज्या बायका चालत गेल्या त्यांच्या पायांचे फोड खरे होते. परंतु या वादाच्या गदारोळात दुसरा एक कायदा, जो दुकान उघडे असो वा बंद असो सदैव लागू असतो, तो आपल्या दृष्टीआड झाला. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५.

बंदीच्या काळात काय होत असे ते वरोऱ्याच्या माणसाला सांगायला नको. उत्तरेला वर्धा जिल्हा, तिथे १९७५ च्या सुमारापासूनच बंदी. पूर्वेला गडचिरोली, तिथे १९९३ पासून. उरली पश्चिमेची वाट. पाटाळ्याचा पूल ओलांडला की वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो आणि पुढे वणी. तिथे बंदी नव्हती. ज्याला प्यायचीच होती तो मोटारसायकलला किक मारून पुलापलीकडे जाई आणि अंधार पडल्यावर त्याच रस्त्याने परत येई. कोळशाच्या ट्रकांचा तो रस्ता. पूर्वी जो माणूस चौकात पिऊन भिंतीला धरत घरी जायचा, त्याला आता पिऊन झाल्यावर कित्येक मैल गाडी चालवावी लागे. मी बंदीच्या विरुद्ध लिहीत नाही. पण बंदी करताना, पुलावरून परतणाऱ्या या माणसाचे काय करायचे, हे कोणी मोठ्याने विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

नाकाबंदी होत असे, पण ती डिकीतल्या बाटलीसाठी. पोलिसांनाही त्या बाटलीची मोठी किंमत मोजावी लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना दारूतस्करांच्या गाडीने चिरडून मारले. गाडीत माल आहे की नाही ते पाहण्यात सारी शक्ती खर्ची पडत होती. पोटात किती आहे हे पाहायला कोण उरणार?

या दोन कायद्यांतला फरक मला एका आकड्याने समजला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे झाले आहे. या कायद्याप्रमाणे रक्तात शेकडा ०.०५, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले, तर माणसाने दारू घेतली असे गृहीत धरता येते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. आता समजा एखाद्याच्या रक्तात ४० मिलिग्रॅम आहे. तो पायी चालला असेल तर पहिल्या कायद्याचे गृहीतक त्याला लागत नाही. तोच गाडीवर बसला की दुसऱ्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. दुसऱ्या कायद्याला माणसाच्या पापपुण्याशी काही देणेघेणे नाही. तो फक्त विचारतो, तुझ्या हातात हँडल आहे का? सज्जन, दुर्जन, परवानाधारक, बंदीसमर्थक, सगळ्यांना एकच प्रश्न. आणि तो मोटारीला लागतो तसा दुचाकीला आणि वऱ्हाड भरून निघालेल्या ट्रॅक्टरलाही लागतो, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती? साठ किलो वजनाच्या माणसाने कडक बिअरची एक मोठी बाटली थोड्या वेळात संपवली, तर प्रमाण साधारणपणे शंभराच्या घरात जाते. मर्यादेच्या तिप्पट. शरीर ते ताशी पंधरा ते वीस मिलिग्रॅम या गतीने उतरवते. लिंबू, ताक, थंड पाण्याने तोंड धुणे, या कशानेही ती गती वाढत नाही. 'एकाच बाटलीने मला काही होत नाही' असे म्हणणारा मित्र प्रत्येक वर्गात असतो. त्याला काही होत नसेलही. पण कायद्याच्या दृष्टीने चार-पाच तास तो गाडीला हात लावण्यास अपात्र असतो.

आता शिक्षा. २०१९ पूर्वी पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. १ सप्टेंबर २०१९ पासून कैद तेवढीच राहिली आणि दंड दहा हजार झाला. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. हेल्मेट नसल्याचा दंड पोलिसाजवळ भरून पुढे जाता येते, तसे इथे होत नाही. हा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटत नाही, न्यायालयात जावेच लागते. शिवाय कलम २० प्रमाणे दोषी ठरलेल्याला न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचे असते. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू झाला तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत गेली.

पाच वर्षे पुरेशी आहेत का, की फाशीच द्यावी, असा वाद आपल्याकडे लगेच सुरू होतो. मला तो वाद फारसा उपयोगाचा वाटत नाही. मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर अलिस्टर परेरा या तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात शेकडा ०.११२ अल्कोहोल आढळले. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये सहा महिन्यांची कैद दिली. लोक चिडले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने हा नुसता निष्काळजीपणा नसून सदोष मनुष्यवध आहे असे ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मला या खटल्यात कमी-अधिक वर्षांपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ०.११२ हा आकडा कागदावर होता. कोणीतरी वेळेवर रक्त घेतले, ते प्रयोगशाळेत पोचले आणि न्यायालयात टिकले. त्या आकड्याखेरीज पुढचे काहीच घडले नसते.

आकडा नसला म्हणजे काय होते त्याचेही उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. बचूभाई हसनअली कारियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तोंडाला वास येणे, तोल जाणे, बाहुल्या विस्फारणे, बोलणे अडखळणे एवढ्यावरून दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. सप्टेंबर २००२ मधल्या वांद्र्याच्याच दुसऱ्या अपघाताचा खटला, ज्यात आरोपी प्रसिद्ध नट होता, तेरा वर्षे चालला. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तो गाडी चालवत होता आणि प्यालेला होता, हे दोन्ही सिद्ध झाले नाही असे न्यायालय म्हणाले. आणि पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी जे झाले ते आपण सगळ्यांनीच वाचले आहे. दोन तरुण अभियंते मेले, अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला आणि अवघा महाराष्ट्र त्या निबंधावर संतापला. संताप योग्यच होता. पण माझ्या मते खरी भयंकर गोष्ट निबंध नव्हती. अपघात रात्री अडीचच्या सुमाराचा, रक्त घेतले गेले कित्येक तासांनी, आणि ते रक्तच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ही होती.

मोटार वाहन कायदा सांगतो की, या गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. दोन तास. कैदेची सहा महिने, दोन वर्षे, पाच वर्षे ही सगळी लांबलचक गणिते या दोन तासांवर उभी आहेत. पुण्यात ते दोन तास पैशाच्या जोरावर चोरले गेले असा आरोप आहे. आपल्याकडे ते कसे जातात ते मी पाहिलेले आहे, आणि त्यात माझाही हात होता, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

पोळ्याच्या पाडव्याचा दिवस होता. पाडव्याला आपल्याकडे काय चालते ते सांगायला नको. वर्गातला एक मित्र आणि मी वणी रस्त्यावरच्या एका गावाला त्याच्या नातेवाइकांकडे जेवायला गेलो होतो. तो प्याला होता. मी प्यालो नव्हतो, पण मला गाडी येत नव्हती. निदान तेव्हा मी स्वतःला हेच कारण दिले. आणि शेवटची एसटी केव्हाच गेली होती. मी मागे बसलो. गावाबाहेर पडल्यावर वळणाजवळ एक म्हातारे बापू सायकलच्या कॅरिअरवर गवताचा भारा घेऊन चालले होते. त्यांना आम्ही मागून धडकलो. भाऱ्यामुळे ते वाचले असावेत. पण पाय मोडला. आम्ही पळालो नाही, एवढे खरे. मागून आलेल्या टेम्पोत त्यांना घातले आणि दवाखान्यात नेले. मित्राचे काका आमच्या आधी तिथे पोचले होते, कसे ते अजून मला कळलेले नाही. डॉक्टरांनी विचारले, काय झाले? काका म्हणाले, "सायकलवरून पडले." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. त्यांनी तसे लिहिले.

दोन दिवसांनी बापूंच्या ओसरीवर बैठक झाली. दोन्हीकडची चार-चार माणसे, चहा झाला. "पोट्टा आहे, चुकला. त्याची नोकरी लागाची आहे. पोलीस-गिलीस कायले करता बापू?" बापू चांगले माणूस. ते म्हणाले, "जाऊ द्या न भाऊ, त्यानं का मुद्दाम केलं?" दवाखान्याचा खर्च आणि वर काही हजार असे ठरले. सगळे उठले तेव्हा जणू एखादे लग्न जुळल्यासारखे समाधान त्या ओसरीवर होते. मीही समाधानी होतो, हे कबूल करायला हवे.

नंतर या विषयावर वाचू लागलो तेव्हा समजले की, त्या बैठकीत आम्ही बापूंचे काय काय घेऊन आलो. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, तो बापूंसारख्यांसाठीच. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा लावला असता तर औषधाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि पायाला कायमचे अधूपण आले असेल तर त्याची भरपाई, असे सगळे हिशेबात धरले गेले असते. चालक प्यालेला होता म्हणून जखमीचा हक्क बुडत नाही. बहुतेक वेळा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देते. पण त्यासाठी अपघात झाला हे कागदावर हवे. बापूंचा कागद सांगतो की, ते सायकलवरून पडले. सायकलचा विमा नसतो.

तडजोडीची आपल्याला भारी हौस. गावात राहायचे तर एकमेकांची तोंडे बघावी लागतात, हे मलाही मान्य आहे, आणि प्रत्येक धक्क्याला फिर्याद झाली तर गाव चालणार नाही. दुखापतीपुरता गुन्हा जखमी माणसाच्या संमतीने मिटवायला कायद्यातही वाट आहे. पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा मात्र तसा मिटत नाही, मृत्यूस कारण झालेला निष्काळजीपणाही मिटत नाही. कारण त्या संध्याकाळी त्या वळणावरून बापू गेले हा योगायोग होता. शाळेतून येणारी पोरे असू शकली असती. ओसरीवर बसलेल्या आठ माणसांना, किंवा बापूंनाही, त्या सगळ्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार नव्हता.

येथे कोणी म्हणेल, दहा हजार रुपये दंड शेतमजुराच्या पोराने कोठून भरावा? आक्षेप खोटा नाही. कापसाच्या वेचणीवर जाणाऱ्या घराला दहा हजार म्हणजे महिन्यांची कमाई आणि एखाद्या ठेकेदाराला एका रात्रीची मेजवानी. दंड सर्वांना सारखा असला की तो सारखा बसत नाही. म्हणूनच माझे मत असे की, दंडाच्या आकड्यापेक्षा सहा महिने परवाना काढून घेण्याच्या तरतुदीवर न्यायालयांनी आणि पोलिसांनी भर द्यावा. सहा महिने बसने फिरणे ठेकेदाराच्या पोरालाही तेवढेच जड जाते, कदाचित अधिकच. दुसरे असे की, तपासणी ३१ डिसेंबरच्या रात्री रत्नमाला चौकात करून भागणार नाही. पोळ्याचा पाडवा, धुळवड, लग्नतिथी, आठवडी बाजाराची संध्याकाळ, हे आपले ३१ डिसेंबर आहेत. त्या दिवशी वणी, चिमूर आणि खांबाडा या रस्त्यांवर श्वास तपासणारे यंत्र घेऊन कोणी उभे राहिले, आणि पुढच्या सणाला पुन्हा राहिले, तर कैदेची मुदत एका दिवसाने न वाढवताही पुष्कळ फरक पडेल. माणूस सहा महिन्यांच्या कैदेला भीत नाही, कारण ती त्याला दिसत नाही. पुढच्या वळणावरचा शिपाई दिसतो.

दुकाने महामार्गापासून दूर न्यावीत हा उपाय करून झाला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. पुढे लहान गावांसाठी अंतर २२० मीटर झाले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दी त्यातून वगळल्या गेल्या. आपल्याकडे तेव्हा बंदीच होती, त्यामुळे या चर्चेची झळ लागली नाही. बंदी उठल्यावर आपली नगरपालिका त्या सवलतीत आपोआप आली. असो. पुन्हा दुकानाकडेच वळलो, आणि या लेखात ते टाळायचे ठरवले होते.

विमा कंपन्यांचे मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका मोटारीच्या प्रकरणात सांगितले की, श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली नसली तरी इतर पुराव्यावरून चालक प्यालेला होता असे दिसत असेल, तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. म्हणजे फौजदारी खटल्यात जो वास पुरत नाही तो विम्याच्या दाव्यात पुरू शकतो. कर्ज काढून ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ट्रॅक्टर नाल्यात गेला आणि चालकाने घेतलेली होती असे पंचनाम्यात आले, की ट्रॅक्टरही गेला आणि हप्ते मात्र राहिले.

विद्यार्थी मंडळापुढे मी दोन गोष्टी ठेवणार आहे. स्नेहसंमेलनाच्या रात्री बाहेरगावच्या मुलांसाठी परतीच्या गाडीची सोय व्हावी. वर्गणी मी गोळा करीन. आणि मोटार वाहन कायद्याची माहिती द्यायला येथील एखाद्या वकिलांना वर्गात बोलवावे, तेही संमेलनाच्या आधी. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना त्रास देऊ शकत नाहीत असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने दिले आहे, हे तरी निदान सर्वांना कळावे. मला त्या दिवशी ते ठाऊक असते तर मी डॉक्टरांना खरे सांगितले असते असा माझा दावा नाही. मला भीती पोलिसांची नव्हती, मित्राच्या काकांची होती.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्या मित्राला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, नाव टाकू नको. टाकलेले नाही. बापूंना भेटायला आम्ही दोघे दिवाळीनंतर गेलो होतो. ते काठी घेऊन चालतात. सायकल ओसरीच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिचे मागचे चाक अजून वाकडेच होते.